कडेवरचा कॅमेरा

"कॅमेऱ्यासाठी कुठली बॅग घेऊ रे?" हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी मला कुणी ना कुणी विचारतंच. मावसभाऊ विचारतो, पुण्याहून भाची विचारते, परवा तर आईच्या भिशीतल्या एका काकूंनी त्यांच्या मुलासाठी विचारलं. मी काही मोठा फोटोग्राफर नव्हे. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत राहणारा आणि सुट्टीच्या दिवशी दौलताबाद, पितळखोरा, जायकवाडी करणारा हौशी माणूस. पण एकदा का लोकांनी तुम्हाला गळ्यात कॅमेरा अडकवून गुलमंडीवर गणपतीची मिरवणूक टिपताना पाहिलं, की तुम्ही 'त्यातले' ठरता. मग लग्नाच्या अल्बमपासून लेन्सला आलेल्या बुरशीपर्यंत सगळे प्रश्न तुमच्याकडे. तर या एका प्रश्नाचं उत्तर इथे एकदाच लिहून टाकतो. पुढच्या वेळी नुसतं "वाच" म्हणता येईल.

माझं उत्तर असं. बॅगेचं नाव, कप्पे, रंग, पावसाचं कव्हर हे सगळं नंतर. आधी तिचा कमरपट्टा बघा. तो तळहाताएवढा रुंद आहे का, आत जाड फोम आहे का, आणि तो बॅगेच्या पाठीला नीट शिवलेला आहे का. दोन बोटं रुंदीची नुसती पट्टी आणि पुढे एक प्लास्टिकचं बक्कल असेल तर तो कमरपट्टा नव्हे, ती परकराची नाडी. बॅग परत ठेवून द्या, मग ती कितीही देखणी असो.

आणि बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कॅमेरा-बॅगा नेमक्या अशाच असतात. आत कप्प्यांची अशी काही आरास, की लेन्सनी झोपायला जावं! लेन्सची एवढी काळजी आणि जो माणूस ती वाहणार त्याच्यासाठी मात्र खांद्याला दोन पट्टे. माझ्या मते या बॅगा कॅमेऱ्यासाठी बनवलेल्या असतात, माणसासाठी नाही.

हे मी एवढ्या तावातावाने का लिहितोय त्याला कारण माझा आत्येभाऊ आहे. (तो हे वाचणार आहे. वाच, बाबा.) लग्नाचे फोटो काढणं हा त्याचा धंदा, आणि रान-पाखरं हा शौक. दोन वर्षांपूर्वी तो तीन दिवस सह्याद्रीत हिंडून आला, सगळं सामान पाठीवर घेऊन. परत आल्यावर उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या. आठवडा झाला तरी जाईनात. शर्टाचं बटण लावायला बायकोला हाक मारायची पाळी आली, आणि समोर लग्नसराईच्या तारखा घेतलेल्या. डॉक्टरांनी सांगितलं, खांद्यावरच्या पट्ट्याखाली नस दबली आहे. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा गळपट्टीच्या हाडाखालून, खांद्यातून जातो, आणि तिथे तासन् तास वजन दाबून राहिलं की हे होतं. वैद्यकीय पुस्तकांत याला रकसॅक पाल्सी असं नावच आहे. सैनिक आणि गिर्यारोहक यांचा हा जुना आजार. आणि त्यावरचा ठाऊक असलेला उपायही तितकाच जुना आहे: पाठीला ताठ चौकट असलेली पिशवी आणि कमरेला पट्टा.

त्याचा हात आता बरा आहे. पण त्या मोसमात त्याने तीन लग्नं दुसऱ्याला दिली. ज्याचं पोट बोटांवर चालतं त्याला "अरे, खांदाच दुखतोय ना, होईल सवय" असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आता हे वजन नक्की असतं तरी किती? आमच्या गल्लीच्या तोंडाशी रद्दीवाला बसतो, त्याच्या काट्यावर आम्ही त्याची बॅग लटकवली. साडेअकरा किलो! रद्दीवाला म्हणाला, "भाव सांगू का?" :)

हिशोब करून बघा, कुठेही उधळपट्टी नाही. निकॉन डी ८५० हा कॅमेरा बॅटरी-कार्डासकट १००५ ग्रॅम. ७०-२०० एफ २.८ ही लग्नवाल्यांची लाडकी लेन्स १४३० ग्रॅम. पाखरांसाठी २००-५००, ती साधारण २३०० ग्रॅम. २४-७० आली १०७० ग्रॅमची. एवढ्यातच पावणेसहा किलोच्या पुढे गेलो. दोन किलोचा ट्रायपॉड, दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो, आणि उरलेली पावणेदोन किलो नुसती रिकामी बॅग! त्यात अजून डबा नाही, स्वेटर नाही, टॉर्च नाही. ट्रेकवाल्यांमध्ये एक ढोबळ हिशोब चालतो की पाठीवर आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त घेऊ नये. मी ६२ किलोचा, म्हणजे माझी मर्यादा बारा-साडेबारा किलो. ती फोटोच्या सामानातच भरून गेली.

एक मार्ग सगळे सांगतात: सामान कमी करा. हलका मिररलेस घ्या, नाहीतर मोबाइलच न्या. खरं आहे. आज मोबाइलवर जे फोटो निघतात ते पाहून माझ्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याने शरमेने मान खाली घातली असती. पण जायकवाडीच्या पाण्यात दूरवर उभे असलेले रोहित पक्षी मोबाइलमध्ये गुलाबी ठिपके होतात, आणि पाखराजवळ जाता येत नाही, जाऊही नये. तिथे लांब लेन्सच लागते, आणि लांब लेन्सला वजन असतं. भिंगाची काच ती, कापूस नव्हे. ज्याला नाही लागत त्याने अवश्य सोडावी. ज्याला लागते त्याला उपदेश नको, पट्टा हवा.

आता पट्ट्याने नेमकं होतं काय? खांदा ही जागाच ओझ्यासाठी नाही. हात सगळीकडे वळावा म्हणून तो सैल टांगलेला असतो, आणि त्याच्यावर वजन टाकलं की ते पेलायला मानेचे नि पाठीचे स्नायू दिवसभर राबतात. कंबरेचं हाड मात्र भक्कम. ते थेट मांड्यांच्या हाडांवर बसलेलं, आणि मांड्या तर आपले सगळ्यात दणकट स्नायू. पट्टा तिथे आवळला की बॅगेच्या वजनाचा मोठा वाटा पायांकडे जातो आणि खांद्याचे पट्टे फक्त बॅग मागे कलंडू नये एवढ्यापुरते राहतात.

हे सगळं मी एकदा जेवताना मोठ्या उत्साहाने वहिनीला समजावून सांगत होतो. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "यात नवीन काय भाऊजी? पोरगं आम्ही कडेवरच घेतो की. खांद्यावर घेतलंय कधी, जत्रा सोडून?"

बोलतीच बंद. खरंच की! दहा किलोचं पोर दोन दोन तास कडेवर घेऊन आपल्या आया-मावश्या बाजार करतात, भाजीचा भाव करतात, वर भांडतातही. पाण्याची कळशीही कमरेच्याच हाडावर टेकलेली. मराठीत 'कडेवर' असा एक अख्खा शब्दच त्या जागेसाठी आहे. परदेशी कंपन्या 'वजन कमरेवर नेणारी नवी पद्धत' म्हणून जाहिरात करतात आणि आपण चकित होऊन पाहतो. असो. या लेखाचं नाव वहिनीमुळे आहे. आणखी एक तिचंच निरीक्षण: दुकानातल्या बहुतेक बॅगांचे पट्टे तिला बसत नाहीत. पाठीची लांबी जास्त धरलेली, आणि पट्टा सरळसोट कापलेला. बाईच्या कमरेचा उतार त्यात धरलेलाच नसतो. ट्रेकिंगच्या बॅगांमध्ये बायकांसाठी वेगळे माप मिळतं. कॅमेऱ्याच्या बॅगांत ते क्वचितच दिसतं, जणू फोटो पुरुषच काढतात.

माप कसं बघायचं ते सांगतो, कारण दुकानदार सांगत नाहीत. मान पुढे वाकवली की मानेच्या तळाशी एक हाड वर आलेलं हाताला लागतं. तिथून खाली, दोन्ही बाजूंच्या कंबरेच्या हाडांची वरची कड जिथे येते त्या रेषेपर्यंत टेप धरायचा. ही तुमची पाठ. उंचीशी तिचा फारसा संबंध नाही. मी माझ्या मामेभावापेक्षा चार बोटं बुटका, पण आमच्या पाठी सारख्याच भरतात, तो सगळा पायांत वाढलाय. मग दुकानात आपलं स्वतःचं सामान घेऊन जा, बॅगेत भरा, खांद्याचे पट्टे पूर्ण सैल करा आणि आधी कंबर आवळा. पट्ट्याचा मध्य हाडाच्या कडेवर यायला हवा. पोटावर आला तर श्वास कोंडतो, मांडीवर आला तर पाय उचलत नाही. त्यानंतर खांद्याचे पट्टे ओढायचे, ते सुद्धा इतकेच की पट्टा आणि खांदा यात तळहात सहज सरकावा. छातीवरची लहान पट्टी सगळ्यात शेवटी. आणि मग दुकानाचा जिना दोनदा चढून उतरा. दुकानदार वैतागेल. वैतागू दे, त्याच्या हाताला मुंग्या येणार नाहीयेत.

भरण्याचंही एक शास्त्र आहे, पण एका वाक्यात मावणारं: जड ते पाठीला चिकटून. मोठी लेन्स बॅगेच्या बाहेरच्या अंगाला गेली की ती मागे ओढते, मग आपण पुढे वाकतो, पुढे वाकून वर बघायला मान उचलतो, आणि रात्री मान दुखली की उशीला दोष देतो.

गुलमंडीत राहून ओझं हा विषय पुस्तकात वाचावा लागत नाही. खाली कापडाची दुकानं आहेत. सकाळी हातगाडीवरून गाठी येतात आणि त्या वर पोटमाळ्यावर चढतात त्या माणसाच्या पाठीवरूनच. लहानपणी आजोबांबरोबर जुन्या मोंढ्यात जायचो तेव्हा पोतं उचलणारे हमाल बघत उभा राहायचो. दोघं जण पोतं तिसऱ्याच्या पाठीवर चढवून द्यायचे, आणि तो ते खांद्यावर कधीच घ्यायचा नाही. पाठीच्या वरच्या भागावर, मान खाली घालून, बरोब्बर मध्यावर. एक इंच इकडे तिकडे झालं तर थांबून उसळी देऊन नीट करायचा आणि मग पुढे. तोल हे त्यांचं सगळं शास्त्र. आपल्या मुलखातून बैलांचे तांडे नेणारे वंजारी आणि लमाण यांचंही तेच. बैलाच्या दोन्ही अंगांना गोणी सारख्याच भरलेल्या. एक हलकी एक जड असेल तर बैल चार कोस सुद्धा नीट चालत नाही. मुघलांच्या फौजांना दख्खनेत धान्य पुरवलं ते याच तांड्यांनी. आणि आपण मात्र पाच किलोची बॅग एका खांद्याला लटकवून वेरूळची सगळी लेणी हिंडतो आणि संध्याकाळी एका बाजूला कलतो. बैलाला जे कळतं ते आपल्याला कळत नाही, यात बैलाची काही चूक नाही.

नेपाळच्या हमालांवर २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. एव्हरेस्टच्या वाटेवर ओझी नेणारी ही माणसं. पुरुष सरासरीने स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के ओझं नेताना आढळले, बायका ६६ टक्के! कपाळावरून घेतलेला पट्टा, त्याला नाम्लो म्हणतात, आणि पाठीवर टोपली. मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते त्यांचं चालणं. हळू चालायचं आणि सारखं थांबायचं. हातातली काठी पाठीमागे टोपलीखाली टेकवून उभ्या उभ्या विसावा. आपण उलटं करतो. धापा टाकत वर पोचतो आणि मग अर्धा तास लोळतो. फोटोवाल्यांना तर थांबायला उत्तम निमित्त असतं, उजेड बघायचाय म्हणून सांगता येतं. पण हा अभ्यास वाचून कुणी "बघा, सवयीने माणूस काहीही उचलतो" असं म्हणू नये. सवय पोटामुळे लागते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने हाताने उचलायच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचवली. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, आणि माथाडी या शब्दातच ओझं कुठे घेतलं जातं ते आहे. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत, बाबा आढावांनी पुण्यात हमालांसाठी वर्षानुवर्षं झगडून जे मिळवलं ते सगळं मुळात याच साध्या प्रश्नावर: एका माणसाच्या अंगावर किती वजन टाकायचं आणि ते कुणी ठरवायचं?

आणि इथेच माझा खरा मुद्दा येतो. फोटोग्राफीच्या इतिहासात जड सामान 'आरामात' नेण्याची रूढ पद्धत एकच होती: ते दुसऱ्याने नेणं.

एकोणिसाव्या शतकात काचेवर फोटो निघत. ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायची. म्हणजे अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाणी, काचांच्या पेट्या हे सगळं डोंगरावर बरोबर हवं. सॅम्युएल बॉर्न १८६३ साली सिमल्याहून हिमालयात निघाला तेव्हा सुमारे तीस हमाल त्याच्या सोबत होते. पुढच्या वर्षी काश्मीरला त्याहून जास्त. आपल्या इथलं उदाहरण मेजर रॉबर्ट गिल. १८४०च्या दशकात तो अजिंठ्याची चित्रं उतरवायला आला, वर्षानुवर्षं त्या भागात राहिला, त्याच्या प्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६च्या आगीत जळाल्या. त्याने कॅमेराही हाताळला. अजिंठा-वेरूळची त्याची छायाचित्रं १८६४ साली फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकात आली. गिल म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना पारो आठवते. मला मात्र दर वेळी अजिंठ्याच्या पायऱ्या चढताना वाटतं, या काचा वर कुणी नेल्या असतील? फर्दापूरचे, लेणापूरचे कुणीतरी असणार. फोटोवाल्याचं नाव राहिलं, वाहणाऱ्यांचं राहिलं नाही.

तुम्ही म्हणाल, दीडशे वर्षांपूर्वीचं कशाला उकरतोस? तर आजचं सांगतो. कुठल्याही नावाजलेल्या किल्ल्याच्या पायथ्याला फोटोवाल्यांचा घोळका बघा. गावातली पंधरा-सोळा वर्षांची दोन पोरं वाट दाखवायला घेतलेली असतात. पहिली अर्धी चढण साहेब स्वतः बॅग नेतात. मग "जरा धर रे" सुरू होतं. आधी ट्रायपॉड जातो, मग पाण्याच्या बाटल्या, शेवटी बॅग. वाट दाखवायचे म्हणून ठरलेले पैसे तेवढेच राहतात. वर पोचल्यावर साहेब फोटो काढतात आणि त्या पोराचा, बॅगेसकट, एक 'पोर्ट्रेट' सुद्धा काढतात. कृष्णधवल!

माझं म्हणणं पैसे देऊन ओझं उचलून घेऊ नये असं नाही. तो सोवळेपणा झाला, आणि त्याने डोंगरातल्या माणसाचा रोजगारच जातो. अजिंठ्याला डोलीवाले असतात. माझी आजी शेवटची लेणी बघायला गेली ती डोलीतूनच, आणि ती माणसं नसती तर तिला ती बघताच आली नसती. म्हणणं एवढंच की ओझं न्यायला माणूस घ्यायचा तर पायथ्यालाच सांगून घ्या. बॅग त्याच्या हातात देऊन वजन बघू द्या, भाव त्याला बोलू द्या, त्याच्याही पाठीला पट्टा बसतोय का बघा, आणि पोरगं घेऊ नका, मोठा माणूस घ्या. आणि हे जमणार नसेल तर जेवढं आपल्या कंबरेला पेलतं तेवढंच न्या. अर्ध्या वाटेत "जरा धर रे" म्हणणं ही मला सरळ फसवणूक वाटते. आमच्या ग्रुपमध्ये यावरून एकदा चांगलं वाजलं, दोघं जण अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतात. असू दे.

आता काही बारीकसारीक गोष्टी, सुचतील तशा.

गळ्यातला पट्टा चालताना काढून टाका. गुलमंडी ते सराफा एवढ्यापुरता ठीक आहे. डोंगरात तो मानेला ओढतो आणि कॅमेरा लंबकासारखा प्रत्येक दगडाला भेट देतो. बॅगेच्या खांद्याच्या पट्ट्यावर बसणारी धातूची क्लिप मिळते, कॅमेरा तिथे खट्कन अडकतो. चढताना दोन्ही हात मोकळे, आणि समोर काही दिसलं तर एका हालचालीत हातात. कॅमेरा बॅगेच्या पोटात असेल तर बाहेर काढायचा कंटाळा येतो, आणि जो बाहेर निघत नाही तो नुसता दगड. मात्र पुढे कॅमेरा आणि मागे बॅग असं झालं की पायाखालचं कमी दिसतं, दौलताबादच्या अंधारीत तर जपूनच.

ट्रायपॉड अजिंठ्याला नेऊच नका, पुरातत्त्व खात्याची परवानगी नसेल तर आत लावू देत नाहीत. फ्लॅशलाही मनाई आहे. दोन्ही घरी ठेवले की तीन किलो तिथेच वाचले. डोंगरात न्यायचाच असेल तर बॅगेच्या मध्यावर बांधा. एका कुशीला बांधला तर दुसऱ्या कुशीला पाण्याची भरलेली बाटली. पुन्हा ते लमाणांचे बैल आठवा.

पाखरांसाठी मी ट्रायपॉड सोडून पिशवी धरली. मांजरपाटाची, दोन वितीची रिकामी पिशवी, वजन नगण्य. जायकवाडीला जाताना वाटेत कुठल्याही किराणा दुकानातून दोन किलो डाळ घ्यायची, पिशवीत भरायची, तोंड बांधायचं आणि गाडीच्या खिडकीत ठेवून तिच्यावर लेन्स टेकवायची. हलत नाही, घसरत नाही, आणि संध्याकाळी तीच डाळ घरी. आईला माझ्या फोटोग्राफीतला एवढाच भाग मान्य आहे.

पाण्यात काटकसर करायची नाही. हे मोठ्या अक्षरांत लिहायला हवं. एप्रिल-मे मध्ये मराठवाड्यात चाळिशीच्या वर पारा असताना "एक लेन्स जास्त बसते" म्हणून एक बाटली कमी करणारे लोक मी पाहिलेत. अशांबरोबर मी जात नाही. पितळखोऱ्याला पायऱ्या उतरून लेण्यांपाशी जावं लागतं आणि दमलेल्या अवस्थेत त्याच चढायच्या असतात. उताराने आधी फसवलेलं असतं.

एसटीत बॅग वरच्या फळीवर ठेवायची नाही, मांडीवर किंवा पायात. कन्नड घाटात फळीवरची वस्तू कुणाच्या डोक्यात येईल सांगता येत नाही. विमानात देशांतर्गत प्रवासाला हातातल्या सामानाची मर्यादा बहुतेक ठिकाणी सात किलो, तेव्हा जड लेन्स जाकिटाच्या खिशात घालून फुगलेल्या पोटाने रांगेत उभे असलेले फोटोवाले तुम्ही पाहिले असतील. हसू नका. आणि जादा बॅटऱ्या खालच्या सामानात टाकायच्या नाहीत, त्या हातातल्याच बॅगेत हव्यात. हा नियम आहे.

शेवटी पैशाचं. चांगला कमरपट्टा असलेल्या कॅमेरा-बॅगा येतात त्या इतक्या महाग, की त्यात एक लेन्स यावी. म्हणून मी काय केलं ते सांगतो. साधी ट्रेकिंगची चाळीस लिटरची सॅक घेतली. तिच्यात पाठीला चौकट आणि कंबरेला चांगला रुंद पट्टा आधीच असतो, कारण ती बनवणाऱ्यांनी माणसाचा विचार केलेला असतो. आत कॅमेऱ्यासाठी कप्पे नसतात. ते करून घेतले. गुलमंडीवरून पैठण गेटकडे जाताना आत एका बोळात एक चाचा बॅगा शिवतात. चेन बदलणं, दप्तराचे बंद लावणं, ताडपत्रीला तुकडे लावणं हा त्यांचा उद्योग. मी त्यांच्याकडे फोम, जुन्या जीन्सचं कापड आणि माझ्या लेन्सची मापं कागदावर काढून नेली. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "सामान आणा. कागदाला वजन नसतं." दुसऱ्या दिवशी कॅमेरा, लेन्स घेऊन गेलो. त्यांनी एकेक हातात घेऊन तोलली, जड कुठली हलकी कुठली ते बघितलं, आणि मी काही न सांगता मोठ्या लेन्सचा कप्पा पाठीच्या बाजूला घेतला. तो निळा डबा आता सॅकमध्ये घट्ट बसतो आणि नको तेव्हा बाहेर काढून घरी ठेवता येतो.

आत्येभावाच्या महागड्या बॅगेचंही त्यांनीच ऑपरेशन केलं. ती नाडी उसवली, खाटेच्या नवारीची रुंद पट्टी दुहेरी घेऊन आत फोम भरला, बाजूला थोडा उतार देऊन शिवलं, पाठीला आतून ॲल्युमिनियमची पातळ पट्टी सरकवली. बॅग आता थोडी खाटेसारखी दिसते हे कबूल. पण परवा तो साडेनऊ किलो घेऊन अंतूर किल्ल्यावर जाऊन आला आणि आल्यावर स्वतःच्या हाताने शर्टाची बटणं काढली.

चाचांच्या बोळात शुक्रवारी दुपारी जाऊ नका, नमाजासाठी दुकान बंद असतं. आणि जाताना रिकामी नाही, भरलेली बॅग न्या. मापाचा कागद घेऊन जाल तर ते काय म्हणतील ते तुम्हाला माहीतच आहे.